गुरूच्या वाटेवरचे कारकून

आमच्या घराण्याचा आणि गुरू या ग्रहाचा संबंध फक्त लग्नापुरता. माझ्या पत्रिकेत गुरुबळ नव्हतं म्हणून लग्न दीड वर्ष लांबलं, आणि ते दीड वर्ष फार सुखाचं गेलं, असं मी (ही घरात नसताना) सांगतो. त्यापलीकडे, हा ग्रह सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे बारा वर्षं घेतो आणि सिंह राशीत शिरला की नाशिकला गर्दी होते, एवढंच माझं खगोलशास्त्र. बी.कॉम.ला याहून जास्त लागत नाही.

परवा मात्र आठवीतल्या कन्येने सांगितलं, की गुरूच्या त्याच वाटेवरून हजारो लघुग्रहही फिरत असतात.

"मग आपटत नाहीत त्याच्यावर?"

"नाही बाबा. काही त्याच्या साठ अंश पुढे असतात, काही साठ अंश मागे."

मी हातातली चकली खाली ठेवली. साहेबाच्या वाटेनेच चालायचं, पण साहेबाच्या हाताला लागायचं नाही, हे मी गेली बावीस वर्षं करतो आहे. त्याला शास्त्राधार आहे हे ठाऊक नव्हतं.

आधार लाग्रांज नावाच्या गणितज्ञाचा, 1772 सालचा. सूर्य, एक मोठा ग्रह आणि तिसरा कोणी क्षुद्र असे तिघे समभुज त्रिकोणाच्या तीन टोकांवर असले, तर तो तिसरा आपली जागा धरून राहू शकतो. सूर्यापासून 78 कोटी किलोमीटर, गुरूपासूनही तेवढाच. लाग्रांजने हे नुसतं कागदावर मांडलं. नमुना सापडायला 1906 उजाडलं. जर्मनीत, हायडेलबर्गला, माक्स वोल्फ यांना पहिला लघुग्रह दिसला. म्हणजे 134 वर्षं! आमच्याकडे सस्पेन्स खात्यातली रक्कमसुद्धा इतकी पडून राहत नाही. (ऑडिटरांनी हे वाचू नये.)

त्याचं नाव ठेवलं अकिलीस. पुढे अशी मंडळी वाढली तेव्हा ठरलं, की गुरूच्या पुढे चालणाऱ्यांना ट्रॉयच्या युद्धातल्या ग्रीक वीरांची नावं द्यायची आणि मागच्यांना ट्रॉयच्या बाजूची. पण हे ठरेपर्यंत दोन नावं देऊन झाली होती. त्यामुळे अकिलीसचा जिवलग पात्रोक्लस शत्रूच्या छावणीत जाऊन पडला, आणि पात्रोक्लसला मारणारा हेक्टर अकिलीसच्याच शाखेत! ऑर्डर आधी, धोरण नंतर. हा कारभार फक्त आमच्याच खात्यात चालतो, अशी माझी समजूत होती.

तर हे समान अंतर. ऑफिसात मी त्याबद्दल प्रसिद्ध आहे. युनियनच्या सभेला जातो, पण शेवटच्या रांगेत बसतो. साहेबांच्या केबिनमध्येही जातो, पण खुर्ची घेत नाही. लोक म्हणतात, माणूस न्यूट्रल आहे हो. मला ते कौतुक वाटायचं.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या कॅशियरकाकांची रोकड संध्याकाळी पाच हजारांनी कमी भरली. ड्रॉवर उघडा टाकून जागा सोडली, असा त्यांच्यावर ठपका. जागा सोडली हे खरंच. पण दुपारी केबिनच्या दारातून तेव्हाचे साहेब ओरडले होते, "आहे तसं टाकून या आधी!" हे मी शेजारच्या काउंटरवरून ऐकलं होतं. चौकशीत मला विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं."

काकांनी पैसे खिशातून भरले. तेव्हा त्यांची मुलगी बारावीला होती. मला त्यांनी कधी एका शब्दाने विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डब्यातलं थालीपीठ मात्र नेहमीसारखं अर्धं माझ्यापुढे सरकवलं. ते मी खाल्लंही.

मी कोणाच्याच विरुद्ध बोललो नाही, हे माझं समर्थन. पण तराजूच्या एकाच पारड्यात माल असताना काटा मध्ये उभा राहिला, तर त्याला कोणी निःपक्षपाती म्हणत नाही. वजनमापवाला दंड करतो.

लघुग्रहांचं बरं आहे. तेसुद्धा काही आपल्या बिंदूवर खिळलेले नसतात. दीडेकशे वर्षांत एकदा गुरूकडे थोडे झुकतात, पुन्हा मागे येतात. पण ते झुकवणारा गुरू, सांभाळणारा सूर्य. दगडाला कोणी चौकशीला बोलावत नाही, आणि शेजारच्या काउंटरवरचं त्याला ऐकूही येत नाही.

काका या महिनाअखेर निवृत्त होताहेत. निरोपाचं भाषण माझ्याकडे आलंय, कारण माझ्या बोलण्याने कोणी दुखावत नाही. यावेळी ते थालीपीठ आणि ते "लक्ष नव्हतं" दोन्ही सांगून टाकावं, म्हणून दोन कागद लिहिले. एक फाडला. दुसरा अजून खिशात आहे.

काल शिपाई विचारत होता, "तुमची खुर्ची कुठं मांडू? साहेबांशेजारी की काकांशेजारी?"

"मध्येच कुठेतरी मांड," माझ्या तोंडून गेलं. मग जिन्यापर्यंत त्याच्यामागे धावलो. पण तो चहा आणायला गेला होता.