अर्ध्या वाटेवरून परतणें हा पराभव आहे काय?

एखाद्यानें एक काम तडीस नेण्याचा निश्चय केला, आणि मध्येंच शरीरास इजा झाल्यामुळें तें सोडलें, तर तो खचला असें म्हणावें काय? शरीर ज्याचें त्याचें असल्यामुळें तें धोक्यांत घालून पुढें जाण्याचा त्यास हक्क आहे काय? सेवेंत असणाऱ्या प्रत्येकास हे प्रश्न कधीं ना कधीं पडतात. एका दूरच्या देशांतील उदाहरणावरून त्यांचा विचार करूं.

इंग्लंडच्या उत्तर भागांत पेनाईन नांवाची डोंगरांची रांग आहे. तिच्या माथ्यावर मैलोगणती उघडे माळ पसरले आहेत. त्यांस तेथें ‘मूर’ म्हणतात. झाड क्वचितच दिसतें. वर गवत व हेदर नांवाचें खुरटें झुडूप. खालीं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी, पाण्यानें फुगलेली माती. धुकें उतरलें म्हणजे वाट दिसेनाशी होते, आणि उन्हाळ्यांतहि पाऊस व वारा मिळून अंगांतील ऊब हिरावून घेतात. ह्या माळांवरून ‘पेनाईन वे’ ही २६८ मैलांची पायवाट जाते. ती १९६५ सालीं खुली झाली. पुष्कळ लोक तंबू व शिधा पाठीवर घेऊन ती चालतात. कित्येक तर अगदीं एकटे निघतात.

समजा, असा एक वाटसरू तिसऱ्या दिवशीं पीटाच्या घळींत घसरून पडला आणि त्याचा घोटा सुजला. लंगडत पुढें जाणें अगदींच अशक्य नाहीं. त्याचें मन म्हणतें, “सर्व वाट चालण्याचें मी ठरविलें आहे. पाय माझा, दुःखहि माझें. मग इतरांचें काय जातें?”

इतरांचें पुष्कळ जातें. तो पुढें कोठें तरी कायमचा अडकला, तर त्यास शोधावयास कोणी तरी रात्रीं त्याच माळावर चढणार. इंग्लंडांत हें काम करणारीं पथकें वेतन घेत नाहींत. आपापला धंदा सांभाळून, निरोप येतांच तीं हातचें काम टाकून निघतात. झोळीवरून एक मनुष्य खालीं आणावयास अनेकांस आळीपाळीनें खांदा द्यावा लागतो. संकटांत सांपडलेल्यानें एका मिनिटांत सहा वेळां शिटी वाजवावी, मग एक मिनिट थांबून पुन्हां तसेंच करावें, असा तेथील संकेत आहे. ऐकणारा तीन शिट्यांनीं उत्तर देतो. हा संकेत आहे म्हणूनच एकट्यास एकटें जातां येतें.

ह्या सेवेचें मूळहि एका मोडलेल्या पायांत आहे. १९२८ सालीं ह्याच पेनाईन माळावरील लॅडो नांवाच्या कड्यावर एक गिर्यारोहक जबर जखमी झाला. सोबत्यांनीं त्यास कशीबशी केलेल्या झोळीवरून खालीं आणलें. पण पुढें त्याचा पाय कापावा लागला. मँचेस्टरचे शस्त्रवैद्य विल्सन हे ह्यांस वाटलें कीं, मूळ जखमेपेक्षां वेदना शमविणाऱ्या औषधावांचून झालेल्या त्या वाहतुकीनेंच अधिक हानि केली. पुढें त्यांनीं डोंगरांतील मदत-ठाण्यांवर मॉर्फिया ठेवविलें. त्यास कायद्याची परवानगी नसल्यामुळें १९४९ सालीं त्यांस दंड झाला. पण नंतर सरकारनें ती परवानगी दिली. परक्याच्या पायाकरितां ज्यांनीं इतकें सोसलें, त्यांच्या देशांत “माझा पाय माझा” हें म्हणणें खरें कसें ठरेल?

येथें कोणी म्हणेल, नांगराला हात घालून मागें पाहण्याविषयीं प्रभूनें इशारा दिला आहे, त्याचें काय? तो इशारा पाचारणाविषयीं आहे; आपण आखलेल्या मजलांविषयीं नाहीं. फिलिप्पै येथील मंडळीनें एपफ्रदीतास पौलाच्या सेवेकरितां पाठविलें. तो आजारी पडून मरणोन्मुख झाला. तो बरा झाल्यावर पौलानें त्यास परत पाठविलें, आणि त्याचा आनंदानें स्वीकार करून अशांस मान द्या, असें मंडळीस कळविलें. त्रफिमासहि पौलानें आजारी असतां मिलेतांत मागें ठेविलें. दोघांवरहि त्यानें दोष ठेविला नाहीं.

तरीपण प्रत्येक ठेंच ही परतण्याची आज्ञा नव्हे; दुखण्याच्या आड आळस व भीति हीं लपूं शकतात. म्हणून आपणांस दोन गोष्टी विचाराव्या. मी पुढें गेलों तर भार कोणावर पडेल? आणि ही गोष्ट कोणास कधींच कळणार नसती, तर मी काय केलें असतें? पहिल्या प्रश्नानें हट्ट उघडा पडतो. दुसऱ्यानें कीर्तीची हांव आणि लोकलज्जा हीं दोन्हीं उघडीं पडतात.

एकटें जाणें हें पाप नाहीं. प्रभुहि प्रार्थनेस डोंगरावर एकटा जात असे. परंतु जाणाऱ्यानें आपली वाट कोणास तरी सांगून ठेवावी, आणि मदत लागली तर ती मागण्यास लाजूं नये. उपदेशकबंधूंनो, गांवोगांवीं एकटे फिरतांना हें ध्यानांत धरा. आणि मंडळींनो, कोणी सेवक अर्ध्या वाटेवरून लंगडत परत आला, तर “किती मैल झाले?” असें विचारण्यापूर्वीं त्याचे पाय धुवावयास पाणी द्या.