मधले नाव कोणाचे?

सांताक्रूझसारख्या उपनगरात स्नानसंस्काराच्या नोंदणीसाठी येणारी कुटुंबे एक प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलीचे पहिले नाव बहुधा ठरलेले असते. अडते ते मधल्या नावापाशी. 'या नावाला शोभेल असे मधले नाव कोणते, फादर?' असे आम्हां धर्मगुरूंना विचारले जाते. प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याच्या पाठीमागे पुष्कळदा घरातला एक न बोललेला तंटा असतो. आजीला वाटते, रीतीप्रमाणे आपले नाव नातीला लाभावे. बापाला वाटते, मधल्या जागेवर आपल्यावाचून दुसऱ्या कोणाचा हक्क असणार? आईला काय वाटते, हे बहुतेक वेळा कोणी विचारलेलेच नसते.

आपल्या परिसरात नावाच्या निरनिराळ्या रीती एकमेकींच्या शेजारी नांदतात. महाराष्ट्राच्या प्रघाताप्रमाणे मधले नाव बापाचे. गोव्याकडून आलेल्या व मूळच्या ईस्ट इंडियन घराण्यांत मधले नाव संताचे, आजीचे किंवा धर्ममातेचे. पोर्तुगीज पद्धतीत तर आईचे आडनाव आधी आणि बापाचे अखेरीस येई. याखेरीज आता एक नवी रीत आली आहे. दोन नावे एकापाठोपाठ उच्चारून पाहायची आणि कानाला गोड लागेल ते ठेवायचे. या रीतीला आम्ही हसत नाही. जे नाव आयुष्यभर हाकेला उपयोगी पडायचे, ते जिभेला सोपे असावे, ही अपेक्षा रास्तच आहे. परंतु 'शोभणे' हा शब्द केवळ कानापुरता आहे काय?

कोणी म्हणेल, नाव म्हणजे एक खूण. एकीला दुसरीपासून ओळखता आले की काम झाले. शुभवर्तमानातच या मताची कसोटी लागते. तेथे मरिया नावाच्या स्त्रिया अनेक आहेत, म्हणून सुवार्तिकांना प्रत्येकीला दुसरी ओळख जोडावी लागली. एक याकोबाची आई, दुसरी क्लोपाची. परंतु जिला पुनरुत्थित प्रभूचे दर्शन आधी घडले, तिची दुसरी ओळख ना पतीची ना पुत्राची; ती मग्दाला या तिच्या गावाची आहे. उलट संत मत्तयने दिलेल्या येशूच्या वंशावळीत पाच स्त्रियांचा उल्लेख आहे. त्यांतील चौघींची नावे येतात. पाचवीचे मात्र येत नाही. शलमोनाची आई बथशेबा तेथे केवळ 'उरीयाची पत्नी' म्हणून येते. दावीद राजाचे पाप विसरले जाऊ नये म्हणून हा उल्लेख असाच ठेवला असावा, असे म्हणता येते. तरीही तिचे स्वतःचे नाव त्या ओळीतून गळाले, हे खरेच. तेव्हा दुसरी ओळख ही निव्वळ खूण नव्हे. माणसाला आपण कोठे उभे करतो, हे त्या ओळखीतून ठरते.

आपल्याकडील मुलीच्या बाबतीत हे अधिकच लागू पडते. मुलाचे मधले नाव जन्मापासून मरणापर्यंत एकच राहते. मुलीचे मधले नाव लग्नाच्या दिवशी पुसले जाते आणि त्या जागी पतीचे नाव येते. असे करण्याची सक्ती ना देशाचा कायदा करतो, ना ख्रिस्तसभा. विवाहसंस्कारात वधू आपल्याच नावाने वचन देते. तरीही रूढी इतकी बळकट की, मधली जागा ही मुलीची स्वतःची नसून कोणाच्या तरी ताब्याची आहे, असे आपण न बोलता मान्य करून टाकले आहे.

ख्रिस्तसभेची परंपरा येथे काय सांगते? १९१७ च्या धर्मसंहितेने धर्मगुरूंना सांगितले होते की, आईबापांनी ख्रिस्ती नाव दिले नाही, तर त्या नावाला एखाद्या संताचे नाव जोडावे आणि दोन्ही नावे स्नानसंस्काराच्या वहीत लिहावीत. आपल्या कित्येक आज्यांची जोडनावे याच वळणाची आहेत. १९८३ च्या संहितेने एवढेच मागितले की, ख्रिस्ती भावनेला परके असे नाव देऊ नये. त्यामुळे आशा, स्नेहा, करुणा ही नावे आज वेदीपाशी निःसंकोचपणे उच्चारली जातात. त्याच संहितेप्रमाणे स्नानसंस्काराच्या नोंदीत मातापिता या दोघांचीही नावे लिहायची असतात. आई अविवाहित असली आणि तिचे मातृत्व सर्वांना ठाऊक असले, तर तिचे नाव वहीत येते.

शासनाला या वाटेने येण्यास वेळ लागला. २०१५ साली एका अविवाहित ख्रिस्ती मातेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, अशा आईने शपथपत्र दिले की बालकाचा जन्मदाखला तिला मिळालाच पाहिजे. पित्याचे नाव सांगण्याची सक्ती नाही. मार्च २०२४ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ठरवले की, १ मे २०२४ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय नोंदीत आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव असा क्रम असावा. नाव लांबेल, अशी कुरकुर आम्ही ऐकली आहे. नाव लांबेल हे खरे; पण नऊ महिने उदरात वाढविणारीला एका शब्दाची जागा देणे जड वाटावे काय?

तरी येथे थोडे थांबावे लागते. आईचे नाव आले, बापाचे होतेच. मग संताचे किंवा आजीचे नाव कोठे जाणार? आमच्या मते या नावांची कामे निरनिराळी आहेत. आईबापांची नावे मूल कोणाचे आहे हे सांगतात. स्नानसंस्कारात पहिल्या नावाला जोडलेले नाव ती मुलगी स्वतः कोण आहे, हे सांगते. ते तिच्या नावाचाच भाग होते, म्हणून लग्नानंतरही ते कोणी पुसू शकत नाही. म्हणून ते जन्मदाखल्यावरही पहिल्या नावाबरोबरच, त्याच स्पेलिंगने, लिहून घ्यावे. दोन कागदांवर दोन नावे झाली की पुढे पासपोर्टाच्या वेळी धावपळ होते.

महाराष्ट्राच्या इतिहासात याचे एक हृद्य उदाहरण आहे. पंडिता रमाबाईंची कन्या १८८१ साली जन्मली. तिचे नाव मनोरमा. त्या नावातच आईचे 'रमा' हे नाव सामावलेले आहे. १८८२ मध्ये पित्याचे छत्र हरपले. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला आणि मनोरमेच्या नावाला 'मेरी' हे नाव जोडले गेले. आडनाव पित्याचे, मेधावी, हेच राहिले. पिता, माता आणि श्रद्धा, तिघांनाही त्या नावात जागा मिळाली; कोणी कोणाला ढकलले नाही. मनोरमेने पुढे आईच्या कार्याला आयुष्य वाहिले.

मग आजीच्या हट्टाचे काय? संत लूकने सांगितलेला प्रसंग आपण सारे जाणतो. शेजारीपाजारी व नातलग बाळाला जखऱ्या हे बापाचे नाव ठेवू लागले. अलीशिबा नाही म्हणाली. त्याचे नाव योहान. तुमच्या नात्यात या नावाचे कोणी नाही, असा आक्षेप आला. तेव्हा मुक्या झालेल्या जखऱ्याने पाटीवर तेच नाव लिहिले, आणि मग त्याची वाचा मोकळी झाली. बापाने स्वतःचे नाव बाजूला ठेवून आईच्या शब्दाला दुजोरा दिला, हे आम्हांस फार मोलाचे वाटते. आजीचे नाव प्रेमाने द्यावयाचे असेल तर जरूर द्यावे. परंतु ते रुसवा काढण्यासाठी दिले, तर मोठ्यांच्या व्यवहाराचे देणे आपण तान्हुलीच्या माथी मारतो.

वाचकहो, आमची सूचना अल्प आहे. मधले नाव निश्चित करण्यापूर्वी आईबापांनी, विशेषतः आईने, ते नाव आपण का देत आहोत हे एका वाक्यात स्वतःला सांगून पाहावे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की ती विचारणारच आहे. तेव्हा तेच वाक्य तिच्या डोळ्यांत पाहून निःसंकोचपणे सांगता येईल, असे नाव निवडावे. असे नाव तिला खचित शोभेल.