उसनी मोटार

सन २०१६ च्या सिंहस्थास इंदुराहून उज्जैनीस जाण्याकरिता शेजाऱ्यांनी आपली लहानगी मारुती ८०० आम्हांस दिली. पेट्रोल आम्हीच भरले. परंतु चालणे वाचावे म्हणून मी ती वाहनतळाच्या फाटकाशी दाटीत उभी केली आणि दारावर ओरखडा उमटला. याज्ञवल्क्यस्मृतीत ठेवीचा नियम मागून आणलेल्या वस्तूसही लावला आहे; राजा, दैव वा चोर यांनी हिरावलेल्या वस्तूची भरपाई मात्र माफ आहे. मीही ओरखड्यास दैवच म्हणणार होतो. पण जागा काही दैवाने निवडली नव्हती! जुने ओरखडे पुष्कळ. मालकांस हा कळलाही नसता. मौन म्हणजे असत्य काय, हा वाद परतताना सांवेरपर्यंत चालला. किल्ली देताना मी तो दाखविला. ते हसले, पैसे घेईनात. क्षमा मिळाली, ऋण फिटले काय, हे मला अद्याप ठरविता आलेले नाही.