झाडांचे वर्ष कधी सुरू होते?

पौष-माघात यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याहून टिपेश्वरच्या जंगलाकडे जाताना सागाची वाळकी पाने पायाखाली कुरकुरतात. रान संपल्यासारखे दिसते. नेमक्या याच सुमारास, आपल्या पौष किंवा माघ पौर्णिमेच्या आसपास, ज्यूंच्या शेवाट महिन्याची पंधरावी तिथी येते. तो त्यांच्याकडे झाडांचा वर्षारंभ. दोन्ही पंचांगे चांद्र महिन्यांची, अधिक महिना धरून ऋतूंशी मेळ घालणारी, म्हणून ही गाठ पडते. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी या दिवसाला एलियाहू हनाबीचा, म्हणजे एलियाहू प्रेषिताचा, उरूस म्हटले आणि पोहे, गूळ, खोबरे, फळांचा मलिदा केला.

हा दिवस मुळात सणाचा नव्हता. इ. स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू धर्मनियमांच्या ग्रंथात चार वर्षारंभ सांगितले आहेत. आपल्याकडेही गुढीपाडवा वेगळा आणि व्यापाऱ्याचा दिवाळी पाडवा वेगळा. झाडांचा वर्षारंभ ठरला तो फळांवरच्या दशमांशासाठी, म्हणजे कोणते फळ कोणत्या वर्षाच्या हिशेबात धरायचे यासाठी. शम्माय आणि हिलेल या दोन धर्मगुरूंपैकी शम्मायच्या अनुयायांनी शेवाटची पहिली तिथी धरली, हिलेलच्या अनुयायांनी पंधरावी, आणि पंधरावी टिकली. पुढे सफेद गावच्या ज्यू गूढवादी परंपरेतून फळे खाण्याचा विधी आला, आणि १८९० मध्ये झिखरोन याकोव या ज्यू वसाहतीत शिक्षक झेएव यावेट्झ यांनी विद्यार्थ्यांसह झाडे लावली. मग हा झाडांचा सण म्हणजे करवसुलीवर नंतर चढवलेला मुलामा म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. कर ठरवायला झाडाकडे पाहावे लागलेच. वर्षाचा बहुतेक पाऊस पडून गेला, हे कारण मिश्नावरच्या चर्चेच्या तालमुद या ग्रंथाने दिले आहे. फूल दिसायच्या आधी, मुरलेल्या पाण्यापासून वर्ष मोजायचे, ही सूक्ष्म नजर त्या हिशेबातच होती.

इस्रायलमधला पाऊस हिवाळ्यातला, आपला जून ते सप्टेंबरचा. मग ती तिथी यवतमाळला कशी लागू पडेल, ही शंका रास्त आहे. तिथी लागू पडत नाही, तर्क पडतो. पाने गळाली की त्यांतून उडून जाणारे पाणी वाचते, खोड पुन्हा भरते. म्हणून तर पळस ऐन कोरड्या दिवसांत फुलतो. पानगळ ही त्या फुलण्याची तयारी असते.

या थांबण्याची दुसरी बाजू कापसाच्या वावरात दिसते. वेचणी आटोपल्यावर पाणी देऊन पऱ्हाटी पुन्हा फुटवली की तिला फरदड म्हणतात. भाव पडलेल्या वर्षी दोन पैसे जास्त मिळावेत म्हणून शेतकरी ती ठेवतो, आणि त्याच्या गरजेला नावे ठेवायचा हक्क कोणालाच नाही. पण त्या उशिराच्या बोंडांवर गुलाबी बोंडअळी तग धरते आणि पुढच्या हंगामात शिरते. वावर काही महिने रिकामे राहिले तरच तिची साखळी तुटते. झाड स्वतःहून थांबते, पिकाला माणसाने थांबवावे लागते. म्हणून माघात एखाद्या बांधावर उपटलेल्या पऱ्हाट्या रचून ठेवलेल्या दिसतात, वावर उघडे पडलेले असते, आणि शेजारच्या पळसाच्या निष्पर्ण फांदीवर मखमली, काळपट कळ्या धरलेल्या असतात.