पापाची उपमा

उपमा-रूपकांना दागिन्यांच्या पेटींत घालून ठेवण्याची आपल्याकडे जुनी संवय आहे. मम्मटानें अलंकारांस हाराची उपमा दिली खरी. पण त्याच्या सुमारें दोन शतकें आधीं आनंदवर्धनानें सांगून ठेविलें होतें कीं, रसाच्या ओघांत, वेगळा यत्न न करितां जो अलंकार उपजतो तोच खरा. शेक्सपिअरच्या 'मॅक्बेथ' या शोकांतिकेस ही कसोटी लाविली असतां तिच्यांतले अलंकार खरे ठरतात, आणि तेथेंच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याची वाणी इतकी सुंदर, त्याचें पाप तिच्यामुळें हलकें होतें काय?

राजा डंकन पाहुणा म्हणून घरीं आला आहे आणि मॅक्बेथ रात्रीं त्याच्या शयनगृहाकडे निघाला आहे. त्या क्षणीं त्याला टार्क्विन आठवतो. टार्क्विन हा रोमच्या राजाचा पुत्र; ज्या घरीं पाहुणा म्हणून गेला तेथेंच त्यानें ल्युक्रीशेवर बलात्कार केला, आणि त्या पापांत रोमची राजसत्ता बुडाली, अशी कथा आहे. शेक्सपिअरनें स्वतः १५९४ सालीं तिच्यावर दीर्घकाव्य प्रसिद्ध केलें होतें. तेथें पाहुण्यानें घरधनिणीचा घात केला, येथें यजमान पाहुण्याचा करणार! आपण कोणाच्या पावलावर पाऊल ठेवीत आहों, हें मॅक्बेथला पुरतें कळतें. अजाणतेपणाची सबब त्याची त्याच्याच उपमेनें काढून घेतली. म्हणून त्याच्या वाणीचें सौंदर्य आम्ही त्याच्या बाजूस नव्हे, विरुद्ध बाजूस मांडतों.

खुनानंतर हातावरचें रक्त धुण्यास नेपच्यूनचा अवघा सागर त्याला अपुरा वाटतो. पत्नीला थोडेंसें पाणी पुरतें. तिच्या लेखीं हात म्हणजे हात आणि पाणी म्हणजे पाणी. पण पांचव्या अंकांत तीच झोपेंत हात चोळीत फिरते, आणि अरबस्तानांतील सारीं सुगंधी द्रव्येंही तिला पुरत नाहींत.

या नाटकांत न बसणाऱ्या, उसन्या वस्त्रांच्या प्रतिमा वारंवार येतात, हें कॅरोलाइन स्पर्जन यांनीं १९३५ सालीं दाखविलेंच आहे. आम्हांस अधिक भयंकर वाटते ती तिसऱ्या अंकांतील रक्ताच्या नदीची प्रतिमा. आपण इतके आंत शिरलों आहों कीं, परतणें हें पुढें जाण्याइतकेंच कष्टाचें, असें मॅक्बेथ म्हणतो. येथें उपमा साक्ष देण्याचें सोडून वकिली करूं लागली! भर प्रवाहांत उभ्या असलेल्या माणसाला दोन्ही तीर सारखेच दूर असतील. पण खुन्याला पुढचा खून न करण्यासाठीं एक पाऊलही चालावें लागत नाहीं. या खोट्या हिशेबांत मॅक्डफचीं बायकापोरें बळी पडतात.

पत्नीच्या मृत्यूची वार्ता येतांच तो जीवनाला क्षणभर रंगभूमीवर मिरवणाऱ्या नटाची उपमा देतो. तें भाषण शेक्सपिअरचें तत्त्वज्ञान म्हणून पुष्कळजण वहींत उतरून घेतात. आम्हांस हें मान्य नाहीं. स्वतःचें आयुष्य नासून त्याचा जमाखर्च सर्व मानवजातीच्या नांवें लिहिणारा तो माणूस आहे. भाषण संपतें न संपतें तोंच दूत येऊन सांगतो, बर्नमचें रान चालत येत आहे. मॅक्बेथ त्यालाच खोटारडा म्हणतो. रान चालेल तेव्हां पराभव होईल, हें भाकीत त्यानें अशक्यतेचा अलंकार समजून उराशीं धरिलें होतें. आतां तें अक्षरशः वेशीपाशीं येऊन ठेपलें होतें.