लेंकरानें विचारिलें तर?

नांदेड व लातूर या भागांतील ख्रिस्ती घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर बायबल उघडतें. एक अध्याय वाचला जातो, प्रार्थना होते व पुस्तक मिटतें. ही चाल उत्तम आहे; ती मोडूं नये. परंतु वाचन चाललें असतां एखादें लेंकरूं मध्येंच "असें कां?" म्हणून विचारतें, तेव्हां पुष्कळ आईबाप त्यास गप्प बसवितात. देवाच्या वचनाविषयीं प्रश्न करणें हा वचनाचा अवमान होय, अशी त्यांची समजूत असते. ती बरोबर आहे काय?

आमच्या मतें नाहीं. निर्गमाच्या बाराव्या अध्यायांत वल्हांडणाचा विधि लावून देतांना, मुलें त्याचा अर्थ विचारतील हें मोशेनें अगोदरच धरून चालून, काय उत्तर द्यावें हेंही सांगितलें आहे. यहोशवाच्या चौथ्या अध्यायांत यार्देनेंतून काढलेले बारा धोंडे रचिले, ते पुढील पिढीच्या मुलांनीं पाहून विचारावें म्हणूनच. तेव्हां मुलाचा प्रश्न हा उपासनेचा भंग नव्हे. तो उपासनेचाच भाग आहे.

कोणी म्हणेल, "ज्याचें उत्तर आम्हांसच ठाऊक नाहीं, असा प्रश्न आला म्हणजे?" असा एक प्रश्न आमच्या भागांत उभाच आहे. ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहांटे किल्लारीच्या परिसरांत भूकंप होऊन हजारों माणसें मेलीं. तीं अधिक पापी होतीं काय, असें मूल विचारतें. "होय" म्हणून मोकळें होणें सोपें आहे, पण तें खोटें आहे. लूकाच्या तेराव्या अध्यायांत, शिलोहांतील बुरूज पडून मेलेल्या अठरा जणांविषयींचा हाच तर्क प्रभूनें साफ नाकारिला आणि ऐकणारांस स्वतःच्या अंतःकरणाकडे पाहावयास लाविलें. तो अध्याय मुलाबरोबर वाचावा. किल्लारीच्या घरांच्या भिंती जाड, दगड मातींत बसविलेले, वर मातीचें जड माळवद. भिंती ढासळल्या आणि तें ओझें निजलेल्यांवर आलें, हेंही त्यास सांगावें. मेलेल्यांस दोष देऊं नये व जिवंतांसाठीं घर नीट बांधावें, असे दोन धडे तें एकदम शिकेल.

एवढ्यावरही "देवानें हें कां होऊं दिलें?" असें त्यानें विचारिलें, तर "बाळ, हें आम्हांस कळत नाहीं, ईयोबासही कळलें नाहीं, तरी त्यानें देवाशीं बोलणें सोडिलें नाहीं," असें सांगण्यांत बापास कमीपणा नाहीं. बनावट उत्तर मुलास पुढें ओळखूं येतें, आणि मग खऱ्या उत्तरांवरचाही त्याचा विश्वास उडतो.

"आम्ही अडाणी" ही सबब चालावयाची नाहीं. साध्या बायामाणसांस समजावें म्हणूनच पंडिता रमाबाईंनीं सगळें शास्त्र सोप्या मराठींत उतरविलें. केडगांवच्या मुक्ति मिशनच्या छापखान्यांतून तें १९२४ सालीं निघालें. शाळेंत जाणाऱ्या मुलीनें वाचावें, आजीनें ऐकावें, आईनें आपल्या शेतांतला दाखला जोडावा. तीमथ्याचा विश्वास अगोदर त्याच्या आजीच्या, लोईसच्या, व आई युनीके हिच्या ठायीं होता, असें पौलानें लिहून ठेविलें आहे.

तर बंधुभगिनींनो, आज रात्रीं अध्याय लहान घ्या. पुस्तक मिटण्यापूर्वीं "तुम्हांला काय वाटलें?" असें मुलांस विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा.