शिकणारा हात आणि गरिबाचा डोळा

पुण्यातल्या एका चर्चेत एक ज्येष्ठ नेत्रतज्ज्ञ म्हणाले, “बारामती-इंदापूरकडं मटेरिअल भरपूर आहे, पण डोळ्यांचा सर्जन घडतो तो शहरातच.” मटेरिअल म्हणजे मोतीबिंदूनं दिसेनासं झालेली माणसं, माझ्या तालुक्यातली. त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग मला संतापजनक वाटला आणि दुसरा खोटा. संताप आजही कायम आहे. दुसऱ्या भागाबद्दल मात्र लिहिता लिहिता मला मागं सरावं लागलं, तेही इथं सांगतो.

शहरातही सर्जन आपोआप घडत नाही. मे 2023 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या नेत्रविभागाच्या निवासी डॉक्टरांनी तक्रार केली की, आम्हाला शस्त्रक्रिया करायला मिळत नाहीत. विभागातले वरिष्ठ डॉ. तात्याराव लहाने, डॉ. रागिणी पारेख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आरोप नाकारले आणि राजीनामे दिले. बातम्या राजीनाम्यांच्या झाल्या. मी तेव्हा मनानं या निवासी डॉक्टरांच्या बाजूला होतो. साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नीट-पीजीची घासाघीस, मग तीन वर्षं एमएस. एवढं करूनही हात बसला नाही तर पदवी घेतलेला डॉक्टर पुन्हा कुठल्या तरी ट्रस्टच्या रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर फेलोशिप करतो, कारण फेको, म्हणजे मोतीबिंदूची आधुनिक शस्त्रक्रिया, तिथं शिकायला मिळते. ज्याला ते परवडत नाही तो चष्म्याचे नंबर काढत बसतो. म्हणून माझा हिशेब सोपा होता: विद्यार्थ्याला केसेस द्या.

हा हिशेब एका तक्त्यानं मोडला. 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचं 66.2 टक्के कारण मोतीबिंदू आहे. हा आकडा भाषणांतून सगळे सांगतात. त्याच तक्त्यात खाली आणखी एक कारण आहे: मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेतली गुंतागुंत, 7.2 टक्के. ज्या उपचारानं दिसायला हवं होतं, त्यातूनच आलेलं अंधत्व. यातलं किती शिकाऊ हातामुळं झालं हे तो तक्ता सांगत नाही, आणि तसा आरोप मी करणार नाही. पण तो वाचल्यावर ‘किती केसेस मिळाल्या’ हा प्रश्न मला अपुरा वाटू लागला. कुणाच्या डोळ्यावर शिकलात आणि तेव्हा शेजारी कोण उभं होतं, हे विचारायला हवं. शिबिराच्या गाडीत बसून आलेल्या म्हातारीला ‘आज शिकणारा डॉक्टर करणार आहे’ असं कुणी सांगतं का? पैसे मोजून आलेल्या माणसाच्या डोळ्यावर पहिला छेद कुणी घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

इथं मला मदुराईच्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामींकडं वळल्याशिवाय राहवत नाही. त्यांना व्हायचं होतं प्रसूतितज्ज्ञ. ऐन तिशीत संधिवातानं बोटं वाकडी केली आणि तो मार्ग बंद झाला. मग ते नेत्रशास्त्राकडं आले. त्या बोटांत बसतील अशी हत्यारं तयार केली आणि वाकड्या बोटांनी लाखाच्या वर डोळे उघडले. 1976 साली, सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर, 58 व्या वर्षी त्यांनी 11 खाटांचं अरविंद रुग्णालय काढलं. पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नातून न देणाऱ्यांचे उपचार व्हावेत, हे त्यांचं अर्थशास्त्र सर्वांना माहीत आहे. मला त्यांचं शिक्षणशास्त्र मोठं वाटतं. हात हा शिस्तीनं, सरावानं, शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेखाली घडतो, हे त्यांना स्वतःच्या बोटांनी शिकवलं होतं. आपल्याकडंही बोकडाच्या डोळ्यावर आधी सराव करून घेतात, काही ठिकाणी सिम्युलेटर आहेत. ही पायरी सक्तीची असावी आणि तिच्यावर उत्तीर्ण झाल्याशिवाय माणसाच्या डोळ्याला हत्यार लागू नये. मास्तर नसेल तिथं पदव्युत्तर जागा उघडूच नये. त्या नेत्रतज्ज्ञांच्या म्हणण्यात एवढं खरं आहे आणि ते मी मान्य करतो.

पण शहराला जे शिकवता येणार नाही तेही सांगितलं पाहिजे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर या कारखान्यांच्या पट्ट्यात गळीत सुरू झालं की उसाची पात डोळ्याला लागते. माझ्या चुलत्यांना अशीच लागली. मेडिकलमधून लाल डोळ्याचा थेंब आणला, दोन दिवस बरं वाटलं, आणि महिन्याभरात बुबुळावर पांढरं फूल पडलं. थेंबात स्टेरॉइड होतं. पात्याच्या जखमेतून बुरशी शिरली होती आणि स्टेरॉइडनं ती फोफावली. बुबुळ खरवडून काचपट्टीवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला तर बुरशीचे धागे काही मिनिटांत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. औषध नॅटामायसिन. ते तासातासाला घालावं लागतं, आणि रुग्णाला आठवडेच्या आठवडे तपासत राहावं लागतं. बीड-अहिल्यानगरकडून आलेला तोडणी कामगार इतके दिवस एका जागी राहत नाही. फड संपला की टोळी पुढं जाते. मोतीबिंदूच्या एका शस्त्रक्रियेला जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ हा एक व्रण खातो आणि डॉक्टरला जवळजवळ काहीच देत नाही. यंत्रांचं कर्ज डोक्यावर असलेला तरुण डॉक्टर मोतीबिंदूकडं वळला तर मी त्याला दोष देत नाही. दोष व्यवस्थेचा आहे: तिनं शस्त्रक्रिया मोजल्या, वाचवलेलं बुबुळ मोजलं नाही.

बारामतीच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात 2019 साली पहिली तुकडी आली. त्यातल्या कुणाला नेत्रशास्त्र घ्यायचं असेल तर त्यांनी हे ऐकावं. पदव्युत्तर विद्यार्थ्याला आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या रुग्णालयात काढावे लागतात. ते महिने गळिताच्या हंगामात आणि उसाच्या पट्ट्यात यावेत, सोबत अनुभवी शिक्षक असावा आणि रुग्णालयात स्लिट लॅम्पशेजारी सूक्ष्मदर्शक असावा. ज्या गरिबाच्या डोळ्यावर हात शिकतो, त्या गरिबाचाच आजार अभ्यासक्रमात पहिला असला पाहिजे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा फडात कोयते चालू होण्याच्या बेतात असतील. मुकादम, बागायतदार, कारखान्याचे शेतकी अधिकारी, तुम्हा सगळ्यांना विनंती आहे: डोळ्याला पात लागली तर दुकानातून थेंब आणू नका. त्याच दिवशी गाडी काढा आणि माणसाला डोळ्यांच्या डॉक्टरकडं न्या.